बदकाची तंगडी, फळांचा लेप आणि मधु : एक पथ्यविचार

आपल्या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर बदकाची तंगडी भाजण्याची कृती पाहून काही ज्येष्ठ वैद्यबंधूंच्या भुवया उंचावतील, याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. तथापि हा विषय चिकित्सालयातूनच स्वयंपाकघरात गेला आणि तेथून पुन्हा संहितांकडे आला. रुग्णाच्या ताटाविषयी आपण जे 'नाही' इतक्या सहजतेने उच्चारतो, त्याची किंमत मला त्या निमित्ताने मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हेमंतातील गोष्ट. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले चालक, फुफ्फुसाच्या क्षयाचा शासकीय औषधोपचार पूर्ण करून माझ्याकडे आले. थुंकीची तपासणी निर्दोष होती. ज्वर नव्हता, कास अत्यल्प होता. परंतु मांसक्षय विलक्षण. दंड आणि जांघा वाळलेल्या, अंसप्रदेशी अस्थी उघड्या पडलेल्या, आणि अन्नाविषयी पूर्ण अरुची. त्यांचा मुलगा परदेशी जाणाऱ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. दोन वर्षांनी तो नागपुरास घरी आला होता. वडिलांच्या अंगावर मांस चढावे म्हणून त्याने जहाजावर शिकलेला पदार्थ करावयाचे योजिले : बदकाच्या तंगड्या भट्टीत मंद भाजून त्यांवर संत्र्याचा रस आणि मध आटवून केलेला चकचकीत लेप, ज्यास तिकडे ग्लेझ म्हणतात. बदके ओळखीच्या शेतकऱ्याने शेततळ्यावर पाळलेली होती, आणि संत्र्यांना नागपुरात काय तोटा! मुलाने सौजन्याने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, बाबांना चालेल ना?"

मी मान वर न करताच "मुळीच नको" असे सांगून मोकळा झालो. तापविलेला मध, तोही मांसाबरोबर! यापुढे विचार करण्याचे मला प्रयोजन वाटले नाही. वृद्ध गृहस्थ एवढेच म्हणाले, "दोन वर्षांनी पोरगा आला, त्याच्या हातचं एक दिवस खाऊ नको म्हणता?" ते उठून गेले. तीन आठवड्यांनी आले तेव्हा वजन आणखी उतरले होते. मी निषेध केला होता, पण पर्याय दिला नव्हता. ज्यास मुळातच अरुची, त्याच्यापुढून त्याच्या मनातला एकमेव पदार्थ मी काढून घेतला होता. त्या रात्री चरक उघडला.

प्रथम प्रश्न असा की बदक म्हणजे नेमके काय? संहितांतील हंस हा आपल्या जलाशयांवर हिवाळ्यात येणारा वन्य हंस असावा असे पुष्कळ पक्षितज्ज्ञ मानतात. पाळीव बदके बहुतांशी मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झालेली आहेत. कारण्डव आणि कादम्ब या नावांच्या निश्चितीविषयी टीकाकारांत व आधुनिकांत मतैक्य नाही. म्हणून एकेका नावाचा हट्ट न धरता गणावरून विचार करणे मला श्रेयस्कर वाटते. चरकाने हे पक्षी वारिचर गणात घेतले, वाग्भटाने अप्चर गणात, तर सुश्रुताने आनूप वर्गातील प्लव गणात. (वन्य हंस व रानबदके वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित आहेत. येथील सर्व विवेचन पाळीव बदकापुरतेच समजावे.)

गुणांच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते. चरकाच्या मते वारिचरांचे मांस गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल व उपचय वाढविणारे, वातहर, परंतु कफपित्त वाढविणारे. ते नित्य व्यायाम करणाऱ्या व दीप्ताग्नी पुरुषांस हितकर. सुश्रुत मात्र प्लव गणास शीत व रक्तपित्तहर म्हणतो आणि त्याच गणातील हंसास वेगळा काढून उष्ण ठरवितो. हा विरोध शब्दच्छलाने मिटविण्याचा मोह मी टाळला आहे. रक्तपित्ताची प्रवृत्ती असलेल्या रुग्णास बदक देऊ नये, हा सावध पक्ष मी स्वीकारतो. या रुग्णास रक्तष्ठीवनाचा इतिहास नव्हता, हे प्रथम निश्चित करून घेतले.

आणि मग राजयक्ष्मा चिकित्सेचा अध्याय. तेथे मांसवर्धनासाठी श्रेष्ठ अशा ज्या प्राण्यांची नामावली आहे, तीत मोर, तित्तिर व कोंबडा यांच्या शेजारीच हंस बसलेला आहे! हे वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. त्या मुलाने ग्रंथ न वाचता जो प्राणी निवडला, तो आचार्यांनी याच व्याधीसाठी सांगितलेल्यांच्या गणगोतातला होता. हेमंतातील ऋतुचर्येतही औदक व आनूप मेदुर मांसाचे विधान आहेच. क्षयात पोषणाचे महत्त्व आता शासनानेही मान्य केले आहे. निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. झारखंडात झालेल्या व २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णाच्या कुटुंबीयांस पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणजे 'मांस नको' म्हणण्याचा अधिकार मला कोणत्याच शास्त्राने दिला नव्हता.

तंगडीच का, याचेही उत्तर ग्रंथात सापडले. चरकाने अवयवांची गुरुता चढत्या क्रमाने सांगितली आहे. सक्थि म्हणजे मांडीच्या मांसापेक्षा स्कंध गुरु, त्याहून क्रोड, त्याहून शिर. सुश्रुतही पक्ष्यांचे उर व ग्रीवा विशेष गुरु मानतो. पाश्चात्त्य उपाहारगृहांत बदकाच्या छातीस मान अधिक, परंतु अग्निमांद्य असलेल्या रुग्णासाठी तंगडीच योग्य. तीत स्नायुबंध अधिक असल्याने ती दीर्घकाळ मंद आचेवर शिजवावी लागते, आणि त्या दीर्घ पाकातच तिची कठिणता जाते.

आता मूळ अडचण, म्हणजे लेप. मांस आणि फळांचा आंबट रस हा मेळ परदेशी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो निराधार आहे. स्नेह, गोरस, धान्याम्ल, फलाम्ल आणि कटु द्रव्ये यांसह सिद्ध केलेले मांस हितकर, बल्य, रुचिकर व बृंहण असल्याचे सुश्रुताने कृतान्नवर्गात सांगितले आहे. त्याच ठिकाणी शूल्य, म्हणजे शूळात ओवून अंगारावर भाजलेल्या मांसाचाही विचार आहे. इराणात कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात बदक, अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस यांचे 'फेसेंजान' करतात. आसामात हिवाळ्यात बदक कोहळ्याबरोबर शिजवितात. कोहळ्यासारखे शीत द्रव्य उष्ण, स्निग्ध मांसाच्या जोडीला कोणी सुचविले असेल? कोणा वैद्याने, की एखाद्या अनुभवी गृहिणीने? फ्रान्समधील सुप्रसिद्ध संत्रा-बदकात मूळचे संत्रे कडू जातीचे असते, आपले गोड नागपुरी नव्हे.

आणि नागपूरकर म्हणून लिहिताना संकोच वाटतो, परंतु नारंग फळास चरकाने हृद्य व रुचिकर म्हटले असले तरी दुर्जर आणि गुरुही म्हटले आहे. गुरु मांसावर दुर्जर फळाचा लेप क्षीणाग्नी रुग्णास नको. त्याऐवजी डाळिंब. ते अम्ल, कषाय व मधुर आहे, दीपन आहे, हृद्य आहे, वातघ्न असून कफपित्ताशी विरोध न करणारे आहे, आणि महाराष्ट्रात त्याची वाण नाही. सोलापूर, नाशिक, अहिल्यानगरचा माल नागपूरच्या बाजारात बारमाही मिळतो.

राहिला मध. येथे दोन स्वतंत्र दोष आहेत, आणि आपण बहुधा त्यांतला एकच लक्षात ठेवतो. पहिला म्हणजे उष्ण मधु. मधाचा उष्णतेशी विरोध आहे, आणि मधामुळे होणारा आम सर्वांत कष्टतम, कारण त्याची चिकित्सा परस्परविरोधी ठरते. वमन व निरूहात उष्ण द्रव्यांसह मध चालतो, तो पचन न होता बाहेर पडतो म्हणून. मध तापविल्याने हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युराल हे द्रव्य वाढते, असे सांगून काही जण ग्रंथवचनाची सिद्धता करतात. कोडेक्स मानकांत त्याची मर्यादा सामान्यतः किलोमागे ४० मिलिग्रॅम आणि उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८० आहे, हे खरे. परंतु हेच द्रव्य भाजलेल्या कॉफीत आणि करपविलेल्या साखरेतही पुष्कळ असते. म्हणून एवढ्या एका रेणूवर आपल्या सिद्धांताचा सारा भार टाकणे मला घाईचे वाटते.

दुसरा दोष संयोगविरुद्धाचा. ग्राम्य, आनूप व औदक मांस हे मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा, कमळाचे देठ आणि मोड आलेली धान्ये यांबरोबर एकत्र खाऊ नये, असे चरक सांगतो आणि बाधिर्य, आन्ध्य, कंप, जाड्य अशी भयावह फलश्रुतीही देतो. पाळीव म्हणून ग्राम्य, सुश्रुतमताने आनूप : कोणत्याही वाटेने गेलो तरी बदक या निषेधात सापडते. म्हणजे मध नंतर थंड करून घातला तरी भागत नाही. मधाऐवजी गूळ घालावा ही माझी पहिली पळवाटही तेथेच बंद झाली, आणि काकवी ही गुळाचीच बहीण. शिवाय त्या मुलाच्या कृतीत वरून पांढरे तीळ भुरभुरायचे होते. ताटात उडदाचा पापड, मुळ्याची कोशिंबीर व मटकीची उसळ असणार होती, आणि रात्री हळद घालून दूध! मधाबद्दल ओरडणाऱ्या माझ्या लक्षात यांतले एकही आले नव्हते.

मग युरोपातील माणसे मध लावलेले बदक खाऊन ठणठणीत कशी, असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तरही चरकानेच दिले आहे. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्त अग्नी, तारुण्य, स्निग्ध शरीर, व्यायाम आणि बल यांमुळे विरुद्ध अन्न निष्प्रभ होते. जहाजावर बारा-बारा तास उभा राहणारा तिशीतला मुलगा आणि त्याचे क्षीण वडील यांना एकच नियम एकाच कठोरतेने लावणे म्हणजे शास्त्राचे अर्धे वाचन होय. मुलास मी आज तो पदार्थ निषिद्ध सांगणार नाही. वडिलांस मात्र सांगेन.

गोडवा तर हवा, कारण त्यावाचून लेपास चकाकी येत नाही. तो मनुकांनी दिला. औषधनिर्मात्या बंधूंस पुढील भाग परिचित वाटेल, कारण हा लेप म्हणजे डाळिंबाची रसक्रियाच आहे. आठ-दहा मध्यम डाळिंबांचे दाणे हाताने फडक्यातून पिळून सुमारे एक लिटर रस घ्यावा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या तर तुरट-कडूपणा उतरतो. रस स्टीलच्या किंवा उत्तम कल्हईच्या पात्रात मंदाग्नीवर आटवावा. ॲल्युमिनिअम किंवा कल्हई उडालेले पितळ आंबट रसास वर्ज्य, हे आपल्यास सांगणे नकोच. रस चतुर्थांश उरला की भिजवून वाटलेल्या ५० ग्रॅम मनुका गाळून त्यात घालाव्यात. पळीस चिकटून राहील आणि बोटांत धरता तार धरू लागेल इतपत आटवून उतरवावा. शार्ङ्गधराने सांगितलेली अवलेहाची सर्व लक्षणे, म्हणजे पाण्यात बुडणे, दाबल्यास ठसा उमटणे, येईपर्यंत थांबू नये. तेवढा घट्ट लेप ब्रशने पसरत नाही. उतरविल्यावर शुंठी, मिरी, किंचित दालचिनी आणि सैंधव.

तंगड्यांचे असे. मांडी व पाय जोडलेल्या चार तंगड्या, मिळून सुमारे एक किलो. त्वचेस सुईने टोचे मारावेत, मांसास नव्हे, म्हणजे त्वचेखालची वसा वितळून वाट काढील. सैंधव, आल्याचा रस व मिरपूड चोळून रात्रभर शीतकपाटात उघड्या ठेवल्या की त्वचा कोरडी होते. आपल्याकडील शेततळ्यावरची बदके बहुधा वयस्क आणि चिवट. त्यांच्या तंगड्या सकाळी थोड्या पाण्यात कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटे शिजवून पुसून घ्याव्यात. त्यानंतर ओव्हनमध्ये जाळीवर, खाली ताट ठेवून, १६० अंश सेल्सिअसवर दीड तास. कोवळ्या, कुकरमध्ये न शिजविलेल्या तंगड्यांस दोन तास लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात जाळी ठेवून, झाकणावर निखारे ठेवून हेच साधते. मांसाच्या गाभ्यात उष्णता ७४ अंशांच्या वर गेलीच पाहिजे. तंगडी मऊ होते ती त्याहूनही पुढे, ८५ अंशांच्या सुमारास. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा देशातील पहिला प्रादुर्भाव झाला होता, आणि बदके लक्षणे न दाखविताही तो विषाणू बाळगू शकतात. म्हणून अर्धकच्च्या मांसाचे पाश्चात्त्य कौतुक येथे नको.

प्रथम प्रयत्नात मी लेप आरंभीच फासला. अर्ध्या तासात तो काळा पडला, घरभर करपल्याचा वास सुटला आणि तंगड्या कडू झाल्या. आमच्या औषधालयाचा व्याप सांभाळणाऱ्या सौ. शांतपणे म्हणाल्या, "औषधालयात प्रक्षेप शेवटी घालता, इथेच कसली घाई झाली होती?" च्यवनप्राश सिद्ध होऊन थंड झाल्यावरच त्यात मध घालावा, हे गेली वीस वर्षे मी कारागिरांना बजावीत आलो आहे! दुसऱ्या वेळी तंगड्या पूर्ण शिजल्यावर ओव्हन २०० अंशांवर नेला आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पाच-पाच मिनिटांनी तीनदा लेप लावला. तांबूस, काचेसारखा चमकणारा थर आला.

खालच्या ताटात साठलेली वसा पाहून मला अग्र्यसंग्रहाची आठवण झाली. जलचर पक्ष्यांच्या वसांत पाकहंसाची वसा श्रेष्ठ म्हणून चरकाने तेथे गणली आहे. निरोगी माणसाने ती बटाटे परतण्यास वापरावी. रुग्णासाठी मात्र ती निथळून टाकली आणि तंगडीची त्वचाही काढली. लेप त्वचेवर असतो, मग त्वचा काढल्यावर लेपाचे काय, ही शंका रास्त आहे. त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला चमचाभर लेप मांसावर घातला.

हे सारे रुग्णास लगेच दिले नाही. प्रथम दहा दिवस दीपन-पाचन, मग शुंठी-जिरे घातलेला गावरान कोंबडीचा पातळ मांसरस. क्षुधा वेळेवर लागू लागली, जिव्हा निर्मल झाली, मलप्रवृत्ती बांधून आली, तेव्हा माध्यान्ही अर्धी तंगडी, सोबत जुन्या तांदळाचा भात आणि कोहळ्याची साधी भाजी, वर कोष्ण जल. त्या दिवशी दूध नाही, तीळ नाही, उडीद नाही, मुळा नाही, मोडाचे कडधान्य नाही. पुढील अन्न भूक लागल्यावरच. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा पूर्ण तंगडी. ज्वर, प्रतिश्याय, कफाधिक्य, अतिसार किंवा कामला यांपैकी काही असल्यास हा प्रयोग करू नये. मधुमेही रुग्णात लेप अत्यल्प ठेवावा, कारण डाळिंब व मनुका आटविल्या म्हणजे शर्कराच एकवटते.

गृहस्थांचे वजन हळूहळू वाढू लागले. ते बदकामुळे वाढले असे मी म्हणणार नाही. औषधे होती, ऋतू अनुकूल होता आणि मुलगा घरी होता. अरुची मात्र पहिल्याच तंगडीने मोडली, हे मी प्रत्यक्ष पाहिले, कारण त्या दुपारी त्यांच्या घरी पंगतीस मीही होतो. मुलाने माझ्या कृतीत एकच फेरफार केला होता. लेपात त्याने ओल्या आल्याच्या बारीक काड्या घातल्या होत्या, आणि ते माझ्या शुंठीपेक्षा सरस लागत होते हे कबूल केले पाहिजे.

हा वृत्तान्त ऐकून एका परिचित औषधनिर्मात्याने हा डाळिंबाचा लेप बाटलीत भरून विकण्याची कल्पना काढली. त्यांना मी सांगितले की हे अन्न आहे, औषध नव्हे. आपल्या औषधनिर्मितीच्या परवान्याखाली ते विकता येणार नाही. त्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना हवा, आणि २०२२ चे आयुर्वेद आहारविषयक विनियम आपल्याला लागू होतात किंवा कसे तेही आधी तपासावे लागेल. ते थोडे हिरमुसले. मग त्यांनी विचारले की चारजणांच्या घरासाठी किती डाळिंबे लागतील, आणि बदक कोठे मिळेल. मी त्यांना शेतकऱ्याचा पत्ता दिला.